पाठवलेला कोड नाकारला जातो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच भांडणाच्या वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेली आहेत, म्हणून इतर विषय पुढच्या अंकासाठी ठेवून त्यांनाच जागा दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या प्रकल्पांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी रोजच्या कामात वापरत असलेल्या एका ओपन सोर्स लायब्ररीत (म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या, सर्वांना खुल्या असलेल्या तयार कोडच्या संचात) एका फाइल-प्रकाराची सोय नव्हती. तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून मी ती लिहिली. सुमारे ९०० ओळींचा कोड, त्याच्या टेस्ट आणि वापराची माहिती असे सगळे तयार करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल सामावून घेण्याची विनंती, पाठवली. चार महिने कोणी काही बोलले नाही आणि मग एके दिवशी ‘हे प्रकल्पाच्या कक्षेत बसत नाही’ एवढेच लिहून ती बंद करण्यात आली. कोडमध्ये एकही चूक दाखवली नाही. दरम्यान सहा-सात जणांनी ही सोय आपल्यालाही हवी असल्याचे तिथेच नोंदवले होते. प्रकल्प सर्वांसाठी खुला आहे, तर लोकांना हवी असलेली आणि फुकट मिळणारी गोष्ट नाकारण्याचा अधिकार एका माणसाला कोणी दिला?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. चार महिने मौन आणि मग एका वाक्यात निकाल, ही पहिली. ती पूर्णपणे रास्त आहे. कोड घेतला गेला नाही, ही दुसरी. तिच्याबाबत मला मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, बाजू मांडावी लागेल.

अधिकाराचा प्रश्न लवकर सुटतो. ओपन सोर्सच्या प्रचलित परवान्यांपैकी एमआयटी असो वा जीपीएल, तो आपल्याला कोड वापरण्याची, वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेला कोड इतरांना देण्याची मोकळीक देतो. आपला बदल मूळ प्रकल्पात सामावून घेतला जावा, असा हक्क यांपैकी कोणताही परवाना देत नाही. एसक्यूलाइट हा असंख्य फोन आणि ब्राउझरांमध्ये वापरला जाणारा डेटाबेस घ्या. त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा म्हणून जाहीर केलेला आहे, तरीही त्याचे कर्ते बाहेरच्यांचा कोड एरवी घेत नाहीत आणि तसे त्यांनी उघडपणे लिहून ठेवले आहे. कोड खुला असणे वेगळे आणि प्रकल्पाचे दार उघडे असणे वेगळे.

खरा पेच हिशेबाचा आहे. आपल्या वहीत खर्च होऊन गेलेले तीन आठवडे मांडलेले आहेत, तर मेंटेनरच्या वहीत अजून न आलेली वर्षे. त्या फाइल-प्रकाराची नवी आवृत्ती निघेल, एखाद्या वाकड्यातिकड्या फाइलमुळे प्रोग्रॅम कोसळेल, सुरक्षेतली एखादी फट उघडकीस येईल आणि त्या दिवशी आपण दुसऱ्या नोकरीत, दुसऱ्या कामात असाल. ज्या सहा-सात जणांनी ‘आम्हालाही हवे’ असे लिहिले, त्यांच्यापैकी एकानेही ‘मी सांभाळीन’ असे लिहिले नव्हते, हे आपल्या पत्रावरूनच दिसते. मेंटेनरने त्या नोंदी वाचल्या असतील, तर त्याला पाठिंबा दिसण्याऐवजी येणाऱ्या तक्रारींची यादी दिसली असण्याची शक्यता अधिक आहे.

हे केवळ छोट्या प्रकल्पांत घडते असे नाही. २००७ साली लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कोणत्या कामाला प्रोसेसरचा किती वेळ द्यायचा हे ठरवणारा शेड्यूलर बदलायचा होता. कॉन कोलिवास हे व्यवसायाने भूलतज्ज्ञ. प्रोग्रॅमिंग ते स्वतःच्या हौसेने शिकले आणि साध्या डेस्कटॉपवर लिनक्स अडखळू नये यासाठी त्यांनी अनेक वर्षे पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, लिहिले. त्यांच्या शेड्यूलरला वापरणाऱ्यांचा मोठा पाठिंबा होता. प्रत्यक्षात मात्र इन्गो मोल्नार यांनी लिहिलेला शेड्यूलर घेतला गेला आणि त्याच वर्षी २.६.२३ या आवृत्तीत तो आला. मूळ कल्पनेचे श्रेय मोल्नार यांनी कोलिवास यांना उघडपणे दिले होते. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी दिलेल्या कारणांतले एक लक्षात ठेवण्यासारखे आहे : दुसऱ्याच्या यंत्रावर अडचण आली, तर तिच्याकडे लक्ष देणारा माणूस कोण, हे त्यांनी कोडइतकेच महत्त्वाचे मानले. हा निवाडा योग्य होता की नाही यावर जुनी मंडळी आजही तावातावाने बोलतात. मला स्वतःला कोलिवास यांच्या वाट्याला आलेली वागणूक रुक्ष वाटते, पण निवाड्याची कसोटी चुकीची वाटत नाही. त्यांनी त्या वर्षी कर्नलचे काम सोडले आणि २००९ मध्ये बीएफएस नावाचा स्वतंत्र शेड्यूलर घेऊन ते परतले. तो मूळ कर्नलमध्ये यावा असा आग्रहही त्यांनी धरला नाही.

आता आपल्या पहिल्या तक्रारीकडे येतो. ‘कक्षेत बसत नाही’ हे कारण खरे असू शकते, परंतु ती कक्षा कुठे लिहिलेली नसेल, तर नव्या माणसाला ती कळणार कशी? लिहिलेली असेल, तर पुल रिक्वेस्ट आल्याच्या दिवशीच ती दाखवता आली असती. कारण असे असावे की ते वाचणाऱ्याला पडताळून पाहता यावे : आम्ही फक्त अमुक प्रकार हाताळतो, किंवा या प्रकारासाठी एका बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून राहावे लागेल आणि ते आम्हाला नको आहे. असे कारण मागण्याचा नैतिक हक्क आपल्याला आहे. मागताना ‘निर्णय बदला’ असे न म्हणता ‘हे प्लग-इन म्हणून बाहेर ठेवले, तर त्यासाठी लागणारा छोटा जोड आपण घ्याल का’ असे विचारा. ९०० ओळींना नाही म्हणणारा मेंटेनर ३० ओळींना पुष्कळदा हो म्हणतो, कारण उरलेल्या ८७० ओळी आपल्याच अंगणात राहतात.

नकारानंतरही दार कायमचे बंद होत नाही, याचे मोठे उदाहरण अँड्रॉइडचे आहे. फोनची बॅटरी वाचवण्यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी लिहिलेली ‘वेकलॉक’ ही व्यवस्था कर्नलच्या मंडळींना पटली नाही, त्यावर प्रदीर्घ वाद झाला आणि २०१० मध्ये अँड्रॉइडचे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारा कोड) कर्नलमधून काढूनही टाकले गेले. दोन वर्षांनी ३.३ या आवृत्तीत अँड्रॉइडचा बराच कोड परत आला आणि वेकलॉकचे काम करणारी, पण कर्नलच्या स्वतःच्या घडणीत बसणारी, वेगळी रचना ३.५ मध्ये आली. गरज खरी होती, म्हणून ती टिकली. तिचे पहिले रूप टिकले नाही.

पुढच्या वेळी शंभराहून अधिक ओळी लिहिण्यापूर्वी प्रकल्पाच्या पानावर एक इश्यू (चर्चेची नोंद) उघडून ‘हे केले तर घ्याल का’ एवढे विचारावे. उत्तर आले नाही, तरी तेही एक उत्तरच असते.

प्रश्न : मी आठ वर्षे एकटी एक लायब्ररी सांभाळते. नोकरी वेगळी आहे आणि हे काम रात्री होते. सध्या साठच्या आसपास पुल रिक्वेस्ट तशाच उघड्या आहेत. त्यांतल्या निम्म्या तरी मला नको आहेत, पण नाही म्हणायला जीव होत नाही. एकदा नाही म्हटले, तेव्हा त्या गृहस्थांनी मला अहंकारी ठरवून चार ठिकाणी लिहिले. तेव्हापासून मी काहीच न बोलता पुढे ढकलते. हे चूक आहे हे कळते, पण मार्ग दिसत नाही.

उत्तर : आपली अडचण मी ओळखतो, कारण ती माझीही होती. एका पॅचला नाही म्हणायचे हे मी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवले होते, तरीही अकरा महिने ‘वेळ मिळाला की पाहतो’ असे लिहीत राहिलो. त्या काळात तो बिचारा माणूस आमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर आपला कोड पुन्हा जुळवून घेत होता. शेवटी मी नाही म्हटले, तेव्हा तो नकारावर चिडला नाही. त्या अकरा महिन्यांवर चिडला, आणि ते रास्तच होते. भिजत घोंगडे ठेवण्याने आपण स्वतःची एका संध्याकाळची अस्वस्थता वाचवतो आणि तिची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो.

मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तीन नकार वेगळे ओळखणे. ‘असा नको’ म्हणजे कल्पना पटली आहे, पण बांधणी बदलावी लागेल. ‘आत्ता नको’ म्हणजे आधी आमचे दुसरे काम पुरे व्हायला हवे. ‘कधीच नको’ म्हणजे कोड कितीही चांगला झाला, तरी घेणार नाही. बहुतेक भांडणे तिसरा नकार पहिल्याच्या वेषात पाठवल्यामुळे होतात. जो बदल आपल्याला मुळात नकोच आहे, त्यात ‘या व्हेरिएबलचे नाव बदला’, ‘आणखी एक टेस्ट जोडा’ असे सुचवले, की पाठवणारा ते वचन समजतो. त्याने सगळे बदल करून दिल्यावर आपण नाही म्हटले, तर फसवणूक झाल्याची त्याची भावना खोटी म्हणता येणार नाही. म्हणून ‘घ्यायचे का’ हा प्रश्न सुटेपर्यंत ‘कसे लिहिले आहे’ यावर एक अक्षरही लिहू नये.

कारण एकदाच, पण नीट लिहावे आणि ते सापडेल अशा जागी ठेवावे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत बदल सुचवणाऱ्या मोठ्या प्रस्तावांना क्रमांक मिळतो आणि नाकारलेला प्रस्तावही पुसला जात नाही. भाषेत रोमन अंक लिहिता यावेत असा ३१३ क्रमांकाचा प्रस्ताव होता. तो फेटाळला गेला, पण आजही कोणालाही वाचता येतो. पायथन ३ च्या वेळी तर ज्या गोष्टी बदलल्या जाणारच नाहीत त्यांची यादी ३०९९ क्रमांकाखाली आधीच प्रसिद्ध केली होती. आपल्याला एवढा पसारा नको. ‘या लायब्ररीत काय येणार नाही’ असे एक पान पुरेल. पाचवा माणूस तीच मागणी घेऊन आला, की त्या पानाचा दुवा द्यावा. त्यामुळे नकार त्या माणसाला उद्देशून उरत नाही.

भाषेबद्दल थोडेच लिहितो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांची नकाराची पत्रे अनेक वर्षे त्यांच्या कठोरपणासाठी प्रसिद्ध होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे काम बाजूला ठेवले. परतल्यावर त्यांनी कोड नाकारणे काही थांबवले नाही. अपमान वगळला म्हणून नकार दुबळा झाला, असे तिथे घडलेले दिसत नाही.

राहिला प्रश्न बोलणी खाण्याचा. ती टाळण्यासाठी हो म्हणणे सर्वांत महाग पडते. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाची देखभाल एकच माणूस फावल्या वेळात, विनामोबदला करत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर ‘पॅच लवकर घ्या, दुसरा मेंटेनर नेमा’ असा सतत दबाव आणला, आणि ज्या ‘मदतनिसा’च्या हाती हळूहळू अधिकार गेले त्याने २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घुसवली. एका अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला, म्हणून ती पकडली गेली. प्रत्येक चिडका माणूस असा असतो असे अजिबात नाही. पण आपल्या थकव्याचा फायदा घेऊन कोणी घाई करत असेल, तर ते घाईचे कारण होऊ शकत नाही.

त्या साठांपैकी नको असलेल्या तीस या आठवड्यातच बंद करा. उशीर झाल्याबद्दल एक ओळ क्षमेची आणि एक ओळ कारणाची लिहा. चार जण रागावतील. उरलेले बहुधा केव्हाच दुसरीकडे वळलेले असतील.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात पाच मेंटेनर आहेत. चौघांना एक बदल हवा आहे आणि एकजण ठामपणे विरोधात आहे. एकट्याचा नकार चौघांना बांधील असावा का?

उत्तर : हे भांडण होण्यापूर्वी ठरवायचे असते, आणि बहुतेक ठिकाणी ते भांडण झाल्यावर ठरते. अनेक ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे प्रतिष्ठानच्या प्रकल्पांत कोडमधील बदलावर एका पात्र सदस्याने उणे एक मत दिले, तर तो बदल अडतो; मात्र त्या मतासोबत तांत्रिक कारण देणे बंधनकारक आहे आणि कारणाशिवायचा नकार ग्राह्य धरला जात नाही. मला हा नियम आवडतो, कारण तो अडवणाऱ्यालाही कामाला लावतो.

नकाराची हद्द कुठपर्यंत, हा दुसरा प्रश्न. २०२५ च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलमध्ये नेमके यावरच वाजले. रस्ट भाषेतील ड्रायव्हरांना मेमरीच्या एका व्यवस्थेपर्यंत पोहोचू देणारा कोड पुढे आला होता; तो त्या व्यवस्थेच्या फायलींत हात घालत नव्हता, फक्त तिचा वापर करत होता. त्या भागाच्या मेंटेनरने एका प्रकल्पात दोन भाषा नकोत या भूमिकेतून विरोध केला. टॉरव्हाल्ड्स यांचा निर्णय असा होता की स्वतःच्या कोडमध्ये रस्ट नको म्हणण्याची मेंटेनरला मुभा आहे, पण आपला कोड कोणी आणि कशातून वापरावा यावर त्याला नकाराधिकार नाही. आपल्या पाचव्या सहकाऱ्याचा विरोध तो स्वतः सांभाळत असलेल्या भागाबद्दल असेल, तर चौघांनी फार जपून पुढे जावे. नसेल, तर त्याचे कारण लेखी घ्यावे, त्याला लेखी उत्तर द्यावे आणि बहुमताने ठरवावे.

चौघे जिंकले आणि पाचवा निघून गेला, असेही होते. कधी तर जिंकणाराच निघून जातो. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये ५७२ क्रमांकाचा वादग्रस्त प्रस्ताव स्वीकारला आणि त्या वादाने थकून जुलैमध्ये अंतिम निर्णयाचे पद सोडले. तो प्रस्ताव तर मंजूर झालेला होता.

प्रश्न : माझी पुल रिक्वेस्ट नाकारली आणि दोन महिन्यांनी मेंटेनरने तीच कल्पना स्वतः लिहून घातली. माझे नाव कुठेही नाही. ही चोरी नव्हे का?

उत्तर : आपल्या ओळी जशाच्या तशा उचलल्या असतील, तर परवान्याचा आणि कॉपीराइटचा प्रश्न येतो, आणि आपण कॉपीराइटची नोंद ठेवण्याची मागणी करू शकता. कल्पना घेऊन कोड नव्याने लिहिला असेल, तर कायदा आपल्या बाजूने नाही, कारण कॉपीराइट कल्पनेला लागू होत नाही. शिष्टाचार मात्र आपल्या बाजूने आहे. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात कोड लिहिणारा आणि तो नोंदवणारा यांची नावे मुळातच वेगवेगळी साठवली जातात. कर्नलमध्ये तर ‘सजेस्टेड-बाय’, ‘को-डेव्हलप्ड-बाय’ अशा ठरलेल्या ओळी आहेत, ज्यांनी सुचवणाऱ्याची आणि सोबत लिहिणाऱ्याचीही नोंद राहते. मेंटेनरला खाजगीत, दोनच ओळींत लिहा : माझ्या पुल रिक्वेस्टचा उल्लेख बदलांच्या यादीत करता येईल का? यात पुष्कळदा कपट नसते, विसर असतो. दुसऱ्याचा कोड दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः नव्याने लिहिणे मेंटेनरला सोपे गेलेले असते आणि श्रेयाची ओळ राहून जाते. त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर मग उघडपणे लिहायला हरकत नाही. तेव्हा दोन्ही कोडचे दुवे तारखांसह द्यावेत आणि ‘चोरी’ हा शब्द वाचणाऱ्यांवर सोडावा.

प्रश्न : मी एआयच्या मदतीने एक दुरुस्ती लिहून पाठवली. ती चालते, मी स्वतः तपासली. तरी ‘एआयने लिहिलेला कोड घेत नाही’ असे म्हणून न वाचताच बंद केली. गुणवत्ता न पाहता असा सरसकट नकार न्याय्य आहे का?

उत्तर : आपल्या एकट्याच्या दुरुस्तीपुरते पाहिले, तर तो अन्याय असू शकेल. पण नियम एका दुरुस्तीसाठी केलेला नसतो. जेंटू आणि नेटबीएसडी या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये असे निर्बंध घातले, आणि त्यांच्या काळज्यांत कोडच्या मालकीची अनिश्चितता हीदेखील आहे. लिनक्स कर्नलला पॅच पाठवताना ‘हा कोड देण्याचा मला हक्क आहे’ असे सही करून सांगावे लागते. २००४ पासूनची ही प्रथा आहे. आपण न लिहिलेल्या ओळींबद्दल ती सही कोणत्या आधारावर करायची, याचे सर्वमान्य उत्तर अजून तयार झालेले नाही. दुसरी गोष्ट वेळेची. कोड लिहायला लागणारा वेळ एआयने कमी केला, पण तो काळजीपूर्वक वाचायला लागणारा वेळ होता तेवढाच आहे, आणि तो सगळा मेंटेनरच्या खात्यातून जातो. पूर्वी ९०० ओळी पाठवणाऱ्याने निदान तीन आठवडे घातलेले असत आणि तेवढ्यावरून तरी त्याच्या गांभीर्याचा अंदाज येई. आता तो अंदाज बांधायला काही उरलेले नाही.

नियम लिहिलेला असूनही आपण पाठवले असेल, तर तक्रारीला जागा नाही. नियम आधी कुठेही नसेल, तर तो लिहून ठेवावा एवढी विनंती अवश्य करा. आणि दुरुस्ती खरोखर महत्त्वाची असेल, तर कोड बाजूला ठेवून फक्त बग, म्हणजे मूळ चूक, नोंदवा : कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पायऱ्यांनी तो दिसतो, काय अपेक्षित होते आणि काय घडले. नीट नोंदवलेला बग आपल्या दुरुस्तीपेक्षा लवकर वाचला जाईल, आणि तो नोंदवण्यासाठी आपल्याला तो आधी स्वतः समजून घ्यावा लागेल.